उभ्या गाडीची थरथर

मधुकरराव उदगीरकरांची गाडी चालताना अगदी गुणी होती. खोड होती ती उभं राहण्याची. हैदराबादच्या फिव्हर हॉस्पिटलच्या सिग्नलला लाल दिवा लागला, पाय ब्रेकवर गेला, की झालंच सुरू! आधी आरसा थरथरायचा, मग स्टिअरिंग, मग डॅशबोर्डवरचा चिमुकला गणपती मान हलवायला लागायचा, आणि शेवटी ती थरथर मधुकररावांच्या कवळीपर्यंत पोचायची. दिवा हिरवा झाला, गाडी पुढे निघाली, की सगळं शांत, जसं काही घडलंच नव्हतं. "नाटकं मेली!" मधुकरराव म्हणायचे. चाळीस वर्षं वकिली केलेला माणूस. साक्षीदार खोटं बोलतोय की नुसता घाबरलाय, हे त्यांना आवाजावरून कळायचं. पण ही बया नाटक करतेय की खरंच आजारी आहे, ते मात्र काही केल्या कळेना.

बरं, गाडी म्हणाल तर काही राजेशाही नव्हे. त्या काळी घरोघरी असायची तीच, छोटी, पांढरी, चौकोनी, जुन्या पद्धतीच्या कार्बोरेटरची. नव्याण्णवच्या उन्हाळ्यात ती नल्लकुंट्याच्या घरासमोर येऊन उभी राहिली, तो हट्ट बायकोचा, इंदुमतीबाईंचा. त्या विद्यानगरच्या एका शाळेत गणित शिकवायच्या. गाडी आधी त्या शिकल्या, मग नवऱ्याला शिकवली तीही त्यांनीच, आणि शिकवताना त्यांनी नवऱ्याला सातवीतल्या पोरांसारखंच वागवलं. "क्लच सोडा म्हटलं की सोडायचा, त्यावर युक्तिवाद नक्को," असं भर बरकतपुऱ्याच्या चौकात त्यांनी कोर्ट गाजवणाऱ्या वकिलाला ऐकवलं होतं! पुढे आपोआप वाटणी ठरून गेली. गाडी हाकायची मधुकररावांनी, आणि तिचं दुखलंखुपलं बघायचं इंदुमतीबाईंनी. तेल कधी बदलायचं, प्लग कधी साफ करायचे, मलकपेठच्या गॅरेजवाल्या गौस उस्तादांकडे कधी न्यायची, सगळं त्यांच्या डोक्यात. मधुकररावांनी पंचवीस वर्षांत बॉनेटचा खटका कुठे असतो हेसुद्धा पाहिलं नव्हतं. खोटं कशाला सांगा?

माघात इंदुमतीबाई गेल्या. चार दिवसांचा ताप, एवढंच निमित्त.

मग घरातून त्या थोड्या थोड्या जातच राहिल्या. साड्या नात्यातल्या बायकांनी नेल्या, पुस्तकं शाळेने नेली, औषधांचा डबा परागने रिकामा केला. पराग म्हणजे त्यांचा एकुलता एक मुलगा, गच्चीबावलीला कंपनीत मोठ्या हुद्द्यावर. त्याने सगळं रीतसर केलं, त्यात बोट ठेवायला जागा नाही. पण प्रत्येक रीतसर गोष्टीनंतर घर थोडं मोठं होत गेलं. राहता राहिली गाडी. तिच्यातली बाजूची सीट इंदुमतीबाईंच्या उंचीला पुढे ओढलेली होती, आणि डॅशबोर्डच्या खणात त्यांची एक काळी केसपिन पडलेली होती. ती सीट कुणी मागे सरकवली की मधुकरराव अंगावर धावून जात. संध्याकाळी ते विनाकारण किल्ली घेऊन निघायचे, अडीकमेटला चक्कर मारून यायचे, आणि त्या रिकाम्या सीटला कोपऱ्यावरच्या इराणी हॉटेलच्या जागी आता काय उघडलंय ते सांगायचे. लोकांना वाटायचं, म्हातारा फोनवर बोलतोय. वाटू दे.

आणि अशी ती गाडी दसऱ्यानंतर थरथरायला लागली. मधुकररावांनी उपाय म्हणून एक युक्ती शोधली होती. सिग्नलला उभं राहिलं की एक पाय ब्रेकवर ठेवून दुसऱ्याने हलकी हलकी रेस देत राहायची. रेस दिली की थरथर जायची. पेट्रोल जळायचं, गुडघा दुखायचा, पण अब्रू राहायची. मनातून त्यांना वाटत होतं की गाडीला इंदूची आठवण येतेय. चालत असली की कामात असते, उभी राहिली की हुंदका येतो. हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही. सांगण्यासारखं होतं का ते? पण वाटत होतं, हे खरं.

मार्गशीर्षातल्या एका मंगळवारी मात्र गुडघ्याने दगा दिला. सिग्नलला पायात गोळा आला, रेस सुटली, गाडी दोनदा दचकली आणि बंद पडली. मागे बस, बसच्या मागे ऑटोंची रांग. सगळ्यांनी मिळून असा काही हॉर्नचा गिल्ला केला की मधुकरराव घामाने ओलेचिंब झाले. कुणा भल्या माणसाने त्यांना फुटपाथवर बसवलं, पाणी दिलं आणि त्यांच्याच फोनवरून परागला फोन लावला.

पराग आला तो पांढराफटक पडून. घरी आल्याबरोबर फुटला.

"बाबा, बस झालं आता. रविवारी सकाळी दहा वाजता माणूस येईल आणि गाडी घेऊन जाईल."

"कुठे?"

"स्क्रॅपला. भंगारात."

"अरे, ती काय फुटकी बादली आहे?"

"मीटिंगमध्ये अनोळखी माणसाचा फोन येतो, 'आप के फादर रोड पे बैठे हैं' म्हणतो. माझं काय झालं असेल, विचार केलात? एकाच वर्षात दोघांचे फोन घ्यायचे का मी?"

पोरगं बरोबर बोलत होतं, आणि तेच जास्त झोंबत होतं.

तरी परागने गाडीवर अन्याय केला असं म्हणता येणार नाही. दुसऱ्याच दिवशी त्याने फोनवरून एक मेकॅनिक मागवला. पाठीवर कंपनीची पिशवी, हातात टॅब्लेट. त्याने टॅब्लेटची वायर जोडायला जागा शोधली, ती या गाडीत कुठून असणार! मग त्याने तिन्ही प्लग बदलले. इंजिन ज्या रबरांवर बसतं ती रबरं चेपलीत म्हणाला, तीही बदलली. थरथर तशीच. "अंकल, इंजिन थक गया," असा निकाल देऊन तो दुसऱ्या कॉलवर निघून गेला.

"थकलं म्हणे!" मधुकरराव त्या रात्री जेवताना उसळले. "थकलेलं इंजिन चढावर चढतं का असं? गौस उस्तादांना दाखवतो मी."

"दाखवा," पराग म्हणाला. तो त्या आठवड्यात वडिलांकडेच मुक्कामाला होता. "पण मग आईची परीक्षा घ्यायची. फुलपात्र टपावर ठेवायचं. सांडलं नाही तर गाडी राहील, मी पुन्हा विषय काढणार नाही. सांडलं तर तुम्ही एक शब्द बोलायचा नाही."

ही इंदुमतीबाईंची परीक्षा घरात सगळ्यांना ठाऊक होती. गाडी दुरुस्त होऊन आली की त्या पितळेचं फुलपात्र पाण्याने भरून टपावर ठेवायच्या आणि इंजिन पाच मिनिटं चालू ठेवायच्या, हाताची घडी घालून, पोरं पेपर लिहिताना पाहावं तसं. थेंब सांडला की गाडी परत मलकपेठला. गौस उस्ताद म्हणे सगळ्या गिऱ्हाइकांत या एकाच बाईला घाबरायचे.

"कबूल," मधुकरराव म्हणाले. आणि मग दोन दिवस मलकपेठला गेलेच नाहीत.

का गेले नाहीत? सांगतो. तिथे गेलं की पहिला प्रश्न येणार, टीचरअम्मा कुठे आहेत. उस्तादांना कुणी कळवलंच नव्हतं. कोर्टातले, शाळेतले, गल्लीतले, सगळ्यांना कळवलं होतं, पण गॅरेजवाल्याला कोण कळवतं? आणि ते वाक्य नव्याने उच्चारायची मधुकररावांची छाती होत नव्हती. दसऱ्यापासून थरथर सोसली, रेस देऊन देऊन गुडघा झिजवला, पण मलकपेठ टाळलं, ते एवढ्याचसाठी.

शनिवारी सकाळी मात्र त्यांनी किल्ली उचलली. दुसरा दिवस रविवार होता.

काचिगुड्याहून चादरघाटच्या पुलापर्यंत गाडीने तीन वेळा मान टाकली आणि तीन वेळा त्यांनी तिला चुचकारून उठवलं. "चल गं बाई, आज तरी नक्को," असं म्हणत त्यांनी एकदाची ती रेसकोर्सच्या मागच्या गल्लीत आणून घातली. गौस उस्तादांचं गॅरेज म्हणजे एक पत्र्याचं छप्पर, एक कडुलिंब आणि त्याखाली एक लाकडी स्टूल. उस्ताद आता सत्तरीचे, दाढी मेंदीने रंगवलेली. त्यांनी आधी गाडी ओळखली, मग माणूस.

"अरे वकीलसाब! कित्ते दिनां के बाद! टीचरअम्मा किधर हैं?"

मधुकरराव गाडीतून उतरलेही नव्हते. खिडकीतूनच त्यांनी सांगितलं, माघात, चार दिवसांचा ताप. उस्तादांनी हातातला पाना खाली ठेवला. खांद्यावरच्या फडक्याने त्यांनी कडुलिंबाखालचं स्टूल दोनदा पुसलं आणि म्हणाले, "बैठो साब. इसपेच बैठते थे वो."

मधुकरराव त्या स्टुलावर बसले. दर वेळी गाडी इथे येऊन चार चार तास थांबायची, तेव्हा इंदू इथे बसून असायची, हे त्यांच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. त्यांना वाटायचं, गाडी टाकून ती बाजारात जात असेल.

उस्तादांनी बॉनेट उघडलं, इंजिन चालू केलं, आणि डॉक्टर नाडी बघतो तसा त्यावर हात ठेवून डोळे मिटले. गाडी थडथडत होती, बॉनेटचा दांडा वाजत होता. त्यांनी हाताने रेस दिली. आवाज एकसुरी झाला. रेस सोडली, पुन्हा थरथर. मग त्यांनी एकेका प्लगची वायर काढून पाहिली. प्रत्येक वायर काढली की इंजिन सारखंच खचायचं. म्हणजे तिन्ही प्लग आपापलं काम इमानाने करत होते, तक्रार त्यांच्यात नव्हती. रबरं नवीच होती. रबरी नळ्यांना कुठे चीर पडून चोरटी हवा शिरतेय का, तेही त्यांनी बोटं फिरवून पाहिलं. नळ्या धडधाकट.

"चलते में अच्छी, खडे में खराब," उस्ताद स्वतःशीच म्हणाले. "मतलब गले में कुछ अटका है." त्यांनी इंजिन बंद केलं आणि वरचा गोल पत्र्याचा डबा उघडायला घेतला, ज्यात हवा गाळणारी कागदाची रिंग बसवलेली असते. झाकण उचललं, आत पाहिलं, आणि म्हातारा जो हसत सुटला! पोट धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला.

"साब, ये पत्ते अंदर कौन डाले?"

मधुकरराव उठून जवळ आले. रिंगच्या मधोमध, कार्बोरेटरच्या उघड्या तोंडाभोवती, जम्मीची वाळून चुरा झालेली बारीक बारीक पानं पडलेली होती.

ती त्यांनीच टाकली होती.

जम्मी म्हणजे शमी. हैदराबादेत दसऱ्याला सोनं म्हणून वाटतात ती तिचीच पानं, आपट्याची नव्हे. दर दसऱ्याला इंदुमतीबाई गाडी धुवायच्या, कुंकू लावायच्या, झेंडूची माळ घालायच्या, आणि शेवटी बॉनेट उघडून वाकून आत कुठेतरी सोनं ठेवायच्या. "ही जिथून श्वास घेते ना, तिथे ठेवायचं," असं म्हणायच्या. मधुकरराव आरतीचं ताट धरून मागे उभे असायचे आणि म्हणायचे, "आटप गं, पुरणपोळी गार होतेय." यंदा वर्षाच्या आत सण नाही, म्हणून तोरण नाही, पोळी नाही, काही नाही. पण गाडी बिनसोन्याची राहिली तर इंदूला आवडणार नाही, असं त्यांच्या मनाने घेतलं. भल्या सकाळी, शेजारीपाजारी बघणार नाहीत अशा बेताने त्यांनी देवळातून जम्मीची डहाळी आणली, गाडीच्या पुस्तिकेतलं चित्र पाहून बॉनेटचा खटका शोधला, डब्याचं झाकण काढलं. मधोमध काळं भोक दिसलं. हेच नाक, हाच श्वास, असं ठरवून त्यांनी ओंजळभर पानं अगदी भक्तिभावाने तिथे वाहिली, हात जोडले आणि झाकण लावून टाकलं. त्यानंतर आठ दिवसांत गाडी थरथरायला लागली. आणि हे विद्वान समजत होते, गाडीला आठवण येतेय!

"मीच," ते म्हणाले. "हम डाले. दसरे कू. वो हर साल डालते थे ना..."

उस्तादांचं हसू एकदम थांबलं. त्यांनी चुरा बोटावर घेतला आणि समजावून सांगितलं. गाडी धावते तेव्हा मोठ्या वाटेने घटाघटा पिते, तिला चिमूटभर कचऱ्याची पर्वा नसते. पण उभी राहिली की ती सुईएवढ्या भोकातून हवा आणि तसल्याच भोकातून पेट्रोल घेत जगते. ती भोकं या गळ्यातच असतात. जम्मीच्या पानांचं पीठ होऊन तिथे बसलं, की उभ्या गाडीला धड श्वास घेता येत नाही. मग ती तडफडते.

"म्हणजे मीच तिचा गळा दाबला," मधुकरराव म्हणाले.

"अरे साब, कायकू परेशान होते?" उस्तादांनी त्यांच्या दंडाला धरलं. "टीचरअम्मा भी पैली दफा येइच करे थे!"

"काय?"

"हौ! नई गाडी, पैला दसरा. बीच में पत्ते डाल दिए. आठ दिन में गाडी थरथर. मेरे पास ले को आए, ये स्टूल पे बैठ को इत्ता रोए. बोले, उस्ताद, वकीलसाब कू मत बोलो, नै तो हर दसरे कू चिढाते मेरेकू."

मधुकररावांना ते आठवलं. नव्याण्णवच्या दिवाळीच्या आधी गाडी दोन दिवस घरी नव्हती. "सर्व्हिसिंग," एवढंच म्हणाली होती इंदू, आणि तेव्हा ती भाजी चिरताना मान खाली घालून का बसली होती, हे आज पंचवीस वर्षांनी कळत होतं. गणिताची मास्तरीण! चूक कबूल करणं तिच्या रक्तातच नव्हतं. त्यांना हसू आलं, आणि हसता हसता डोळे भरून आले, ते त्यांनी पुसलेही नाहीत.

"उस के बाद मैं जगा दिखाया," उस्ताद म्हणाले. त्यांनी कागदाची रिंग अलगद उचलली आणि रिंगच्या बाहेरच्या अंगाला, डब्याच्या कडेच्या खोबणीत बोट घातलं. "हवा इधर बाहर से आती. कागज में छनती. फिर अंदर जाती. बाहर कुछ भी रखो, गाडी कू फरक नै." आणि त्यांनी बोटाने एक वस्तू ओढून बाहेर काढली.

ती खणाच्या कापडाची इवलीशी थैली होती. धुळीने काळी झालेली, पण तोंडाशी लाल दोऱ्याची गाठ अजून घट्ट. इंदुमतीबाईंची गाठ. आत गेल्या वर्षीच्या दसऱ्याचं, त्यांच्या हातचं शेवटचं सोनं.

मधुकररावांनी ती तळहातावर घेतली. चोवीस दसरे ही थैली इथे ठेवली जात होती, आणि ते चारच पावलं मागे ताट धरून उभे होते. एकदा, नुसतं एकदा पुढे वाकून पाहिलं असतं, "काय करतेस गं" असं विचारलं असतं, तर? पोळी काय पळून चालली होती? साक्षीदारांच्या तोंडून चार चार तास खोदून खोदून उत्तरं काढणाऱ्या माणसाने स्वतःच्या बायकोला एवढासा प्रश्न विचारला नव्हता. त्यांना स्वतःचा इतका राग आला की ते पुन्हा स्टुलावर जाऊन बसले.

उस्तादांनी कार्बोरेटर खोलला. सुईएवढ्या भोकांचे पितळी जेट काढून पेट्रोलच्या वाटीत धुतले, तांब्याच्या केसाएवढ्या तारेने भोकं मोकळी केली, हवेच्या पाइपने फुंकून पार स्वच्छ केली. रिंग झटकून बसवली. मग इंजिन चालू करून, कान लावून, एक छोटा स्क्रू पावपाव फेऱ्याने फिरवत राहिले. थडथड कमी झाली. आणखी कमी झाली. आणि एका क्षणी थांबलीच. इंजिन चालू आहे की नाही हे बघायला मधुकररावांना हात लावावा लागला.

"अब लेओ इम्तेहान," उस्ताद म्हणाले. थैली मात्र त्यांनी परत डब्यात ठेवली नाही. ती मधुकररावांच्याच मुठीत राहिली.

रविवारी दहाला पाच कमी असताना भंगाराचा माणूस क्रेनची गाडी घेऊन दारात हजर. पराग फुलपात्र घेऊन बाहेर आला. आईच्या हिशोबाने, आतल्या रेघेच्या वर बोटभर पाणी. त्याने ते टपावर ठेवलं, किल्ली फिरवली आणि हाताची घडी घालून उभा राहिला. थेट आईसारखा. मधुकररावांच्या ते लक्षात आलं आणि त्यांना गाडीकडे बघवेना.

पहिलं मिनिट गेलं. पाण्यावर नुसती बारीक नक्षी उमटत होती. दुसरं गेलं. तिसऱ्या मिनिटाला इंजिन तापून पुढचा पंखा घर्रकन सुरू झाला, पाणी एकदम काठाशी आलं, मधुकररावांनी "इंदू!" म्हणून फाटकाचा गज धरला. पाणी काठाला लागलं, आणि मागे फिरलं. चौथं. पाचवं. पराग पुढे झाला, टपावरून बोट फिरवून पाहिलं. कोरडं.

"भैया, आप जाओ," तो क्रेनवाल्याला म्हणाला. "गाडी नै देना है."

क्रेन गल्लीतून वळून गेली तरी बापलेक तिथेच उभे. मग मधुकररावांनी मूठ उघडून ती थैली दाखवली आणि सगळं सांगितलं, आपली चूक, इंदूची चूक, उस्तादांचं हसणं. पराग आधी हसला, मग थैलीकडे बघत राहिला.

"पुढच्या दसऱ्याला यात नवं सोनं भरायचं," मधुकरराव म्हणाले. "आता मला जागा कळली. पण अरे, जुन्याचं ती काय करायची, कोण जाणे. नदीत सोडायची की झाडाखाली टाकायची? ते विचारायचं राहूनच गेलं बघ."

"तुम्हाला खरंच माहीत नाही?" पराग म्हणाला.

"मला काय माहीत असणार?"

"बाबा, जुनं सोनं आई तुमच्या कोटाच्या खिशात घालायची. काळ्या कोटाच्या. लहानपणी मीच घालायचो, ती सांगायची तेव्हा. म्हणायची, 'गाडीने यांना वर्षभर कोर्टाच्या दारापर्यंत सांभाळून नेलं. दाराच्या आत कोण सांभाळणार? म्हणून हे त्यांच्याजवळ.' आणि तुम्हाला सांगायचं नाही, अशी शपथ घातली होती."

मधुकररावांना खिशातला तो चुरा आठवला. दसऱ्याची सुट्टी संपून कोर्ट उघडलं की दर वर्षी हे व्हायचं. भर कोर्टात चष्म्यासाठी खिशात हात घातला की बोटांना चुरा लागायचा. घरी येऊन ते कडाडायचे, "अगं, कोट कुठे टांगतेस तू? कचराकुंडी केलीय माझ्या खिशाची!" आणि अंगणात जाऊन खिसा उलटा करून फटाफटा झटकायचे. ती मुकाट्याने बघायची. एकदाही काही बोलली नाही. त्यांनी काळा कोट सोडला त्याला आता सहा वर्षं झाली होती.

ते आत गेले. कपाट उघडलं. डांबराच्या गोळ्यांचा वास आला. सगळ्यात कडेला कोट होता. त्यांनी त्याच्या उजव्या खिशात हात घातला, आणि बोटं थेट वाळलेल्या पानांत रुतली. थोडीथोडकी नव्हे, चांगला मूठभर चुरा. यांचं कोर्टात जाणं सुटलं होतं, पण तिने ठेवणं सोडलं नव्हतं.

सवयीने त्यांचा हात खिसा उलटा करायला वळला, आणि तिथेच थांबला.

"बाबा?" दारातून परागने हाक मारली.

मधुकररावांनी लाल दोऱ्याची गाठ नखाने हळूहळू सोडवली, थैलीतलं सोनं त्या खिशात ओतलं, आणि घरातल्या बनियनवरच तो कोट अंगात घातला. "चल," ते म्हणाले, "गाडी काढ. आणि बाजूची सीट मागे करू नकोस, मी मागे बसतो."